आई-बाबा मुंबईत, मुलगा गावी

प्रश्न : आम्ही दोघं भांडुपला बिगारी काम करतो. मुलगा गावी आजीकडे, सहावीत आहे. तो शाळा बुडवतो हे दोन महिन्यांनी कळलं. त्याला इथं आणावं का? दाखल्याचं काय?

उत्तर : घाई करू नका. शाळेत तुमचा चालू नंबर आहे ना, ते आधी पाहा आणि वर्गशिक्षकांशी बोला. रात्री फोनवर ‘अभ्यास केलास का?’ विचारलं की ‘हो’च येतं, त्याऐवजी आजच्या तारखेचं वहीतलं पान वाचून घ्या. पान कोरं असलं तर तिथंच कळतं. पेरणी-काढणीला तो घरी राहतो का, तेही आजींना विचारा, पण दोष देऊ नका. त्यांनाही हात लागतोच. आणायचंच ठरलं, तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार ६ ते १४ वयाच्या मुलाला दाखला यायला उशीर झाला म्हणून पालिकेची शाळा प्रवेश नाकारू शकत नाही.