गोंदलेली बारीक अक्षरं पसरतात तेव्हा

प्रश्न : सहा वर्षांपूर्वी मनगटावर मुलाचं नाव, 'अथर्व', बारीक अक्षरांत गोंदवून घेतलं. आता 'थ'ची गाठ भरून गेलीय, काळा रंग हिरवट दिसतो. आजीच्या हातावरचं गोंदण मात्र साठ वर्षांनीही ओळखू येतं. तेच नाव पुन्हा गिरवून घेऊ का? लेकीचं नाव 'तारा', तेही काढायचं आहे.
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, त्याच रेषेवर पुन्हा सुई फिरवू नका. रेषा आणखी जाड होईल आणि उरलेली पोकळीही बुजेल.

शाई वरच्या कातडीत नसते, तिच्या खालच्या थरात असते. तिथल्या भक्षक पेशी रंगाचे कण गिळून धरून ठेवतात. पेशी मेली की कण सुटतात आणि शेजारची नवी पेशी ते गिळते. फ्रान्समधल्या मार्सेय इथल्या संशोधकांनी 2018 मध्ये उंदरांवर हे दाखवून दिलं. या देवघेवीत कण थोडे थोडे सरकतात, काही शरीर वाहून नेतं. म्हणून प्रत्येक रेषा वयानुसार रुंदावते. कातडीखालचा काळा रंग निळसर-हिरवट दिसतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

आजीचीही रेषा रुंदावलीच आहे, नीट निरखून बघा. पण जुन्या गोंदणारणी ठिपके सुटे ठेवत, तुळशीच्या फांद्यांत मोकळी जागा सोडत. रंग काजळीचा, म्हणजे कार्बनच, आणि उन्हात तो लाल-पिवळ्यापेक्षा जास्त टिकतो. आपली देवनागरी नाजूक करायच्या नादात ही मोकळी जागाच जाते, याचं मला फार वाईट वाटतं. 'थ', 'ध', 'भ' यांच्या गाठीत भाताचं शीत मावेल एवढी जागा हवीच.

'अथर्व'साठी त्वचारोगतज्ज्ञांकडे लेझरने रंग थोडा उतरवून घ्या. काळी शाई लेझरला चांगली दाद देते, मात्र दोन बैठकांमध्ये काही आठवड्यांचं अंतर लागतं. सावळ्या कातडीवर डाग पडू शकतात, तेव्हा स्वस्तातलं पार्लर नको. कातडी पूर्ण निवली की तेच नाव मोठ्या अक्षरांत काढून घ्या. स्कूटर चालवताना मनगट उन्हात असतं, तिथे सनस्क्रीन लावत जा.

'तारा'त बंद गाठ एकही नाही, त्यामुळे ते सुरेख टिकेल. फक्त मनगटावर नको, दंडाच्या आतल्या बाजूला काढा.