वाचक विचारतात : पश्चिमेकडे सरकत गेलेल्या घराण्यांचा माग

मुलाने किंवा मुलीने अमेरिकन घरात लग्न केले, नातवंडे वंशवृक्ष काढायला बसली, आणि आपल्याकडचा कुलवृत्तान्त छापून तयार असताना व्याह्यांच्या बाजूला तीन पिढ्यांपलीकडे काहीच नाही, अशी पत्रे सतत येतात. एकोणिसाव्या शतकात मजल दरमजल करत पश्चिमेला गेलेल्या कुटुंबांविषयीची काही पत्रे या वेळी घेतली आहेत.

प्रश्न : माझी सून नेब्रास्काची. तिच्या वडिलांच्या पणजोबांचे नाव जॉन मिलर आणि गाव बीट्रिस, एवढेच घरात ठाऊक आहे. संकेतस्थळावर नाव टाकले की हजारो जॉन मिलर येतात. सुरुवात कुठून करू? (एक आजी, पुणे)

उत्तर : एकट्या जॉनला शोधत बसलात तर तो सापडणार नाही. त्याचे अख्खे घर शोधा, आणि शोध सुनेपासून मागे न्या. अमेरिकेची जनगणना १७९० पासून दर दहा वर्षांनी होते आणि तिची पाने ७२ वर्षांनी खुली होतात, म्हणजे आज १९५० पर्यंतची पाहता येतात. सुनेच्या आजोबांना १९५० मध्ये गाठा, मग १९४०, १९३० असे एकेक दशक उतरत १९०० पर्यंत या. फॅमिलीसर्च हे संकेतस्थळ मोफत आहे, तेवढ्यावर हे काम होते. १९०० चे पान नीट उतरवून घ्या. त्यात जन्माचा महिना आणि वर्ष, लग्नाला झालेली वर्षे, बाईला झालेली मुले आणि हयात मुले असे सगळे रकाने आहेत.

१८९० ची जनगणना जवळजवळ संपूर्ण गेली. १९२१ च्या जानेवारीत वॉशिंग्टनच्या वाणिज्य खात्याच्या इमारतीला आग लागली तेव्हा ते कागद तळघरात होते. नेब्रास्काच्या बाबतीत ही पोकळी बरीच भरून निघते, कारण तिथे १८८५ मध्ये वेगळी गणना झाली होती. कॉलोराडो आणि डकोटा टेरिटरीतही (टेरिटरी म्हणजे अजून राज्य न झालेला प्रदेश) ती झाली. शिवाय यादवी युद्धातल्या सैनिकांची व विधवांची १८९० ची जी स्वतंत्र यादी होती, तिच्यातली नेब्रास्काची पाने शाबूत आहेत.

सगळ्यात मोलाचे पान १८८० चे. घरप्रमुखाशी नाते आणि आईवडिलांचे जन्मराज्य त्यात पहिल्यांदा नोंदले गेले. मुलांची वये आणि जन्मराज्ये एकाखाली एक मांडून पाहा. समजा, थोरला १७ वर्षांचा, जन्म ओहायो. दुसरी १४, इलिनॉय. तिसरा ११, आयोवा. चौथी ६ आणि पाचवा २, दोघे नेब्रास्का. याचा अर्थ कुटुंब १८६३ च्या सुमारास ओहायोत, १८६६ ला इलिनॉयमध्ये, १८६९ ला आयोवात होते आणि १८७४ च्या आत नेब्रास्कात पोचले. म्हणून १८७० ची जनगणना आयोवात शोधायची. शोधताना आडनावाची चौकट रिकामी ठेवा. मुलाचे पाळण्यातले नाव, अंदाजे वय आणि जन्मराज्य एवढेच भरा. मिलरचे म्युलर झाले असेल किंवा लिहिणाऱ्याचे अक्षर वाचता आले नसेल, तरी घर सापडते.

बहुतेकांची गाडी इथेच घसरते. ओहायो दिसले की लोक आयोवा, इलिनॉय ओलांडून थेट ओहायोत उडी मारतात आणि त्याच वयाचा पहिला जॉन मिलर आपला म्हणून घेतात. ऑनलाइन वंशवृक्षांतल्या निम्म्याअधिक घोळांचे मूळ हेच, असे आमचे मत आहे. एकही पायरी गाळू नका. वयात एकदोन वर्षांचा फरक चालवून घ्या, कारण माहिती कधी कधी शेजाऱ्यानेही दिलेली असे. १८५० ते १८७० च्या पानांवर नाते लिहिलेले नसते, त्यामुळे जॉनखालची बाई त्याची बायकोच आहे असे धरून चालू नका. आणि १८८० च्या पानावर जॉनच्या आधीची दहाबारा व नंतरची दहाबारा घरेही उतरवून घ्या. ही माणसे एकेकटी निघत नसत. भाऊ, मेहुणा, चर्चमधले शेजारी असा गोतावळा एकत्र हलत असे. ओहायो-इलिनॉय-आयोवा याच क्रमाने आलेले दुसरे घर शेजारी दिसले, तर बहुधा ते नातलगांचे, आणि त्यांचे आडनाव मिलरपेक्षा दुर्मीळ असेल तर माग त्यांच्यावरूनच काढा.

प्रश्न : जावयाच्या घराण्याच्या जमिनीचे ‘पेटंट’ (मालकीपत्र) सरकारी संकेतस्थळावर सापडले. एकच पान आहे. त्यावर ‘सेक्शन २२ चा आग्नेय पाव भाग, टाउनशिप ४ उत्तर, रेंज ५ पूर्व, सहावी मध्यान्हरेषा’ असा मजकूर आहे. हे वाचायचे कसे, आणि बाकीचे कागद कुठे असतात? (वाचक, ओमाहा)

उत्तर : आपल्याकडे सातबाऱ्यावर गट नंबर असतो, तसे हे वर्णन. नेब्रास्का आणि कॅन्ससची मोजणी एकाच आडव्या रेषेपासून होते, ती म्हणजे ४० अक्षांश, दोन्ही राज्यांची सीमा. टाउनशिप म्हणजे ६ मैल बाय ६ मैलांचा चौरस. ‘४ उत्तर’ म्हणजे सीमेपासून उत्तरेला चौथा, ‘५ पूर्व’ म्हणजे मध्यान्हरेषेपासून, म्हणजे मोजणीच्या उभ्या रेषेपासून, पूर्वेला पाचवा. ही जागा गेज काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा), बीट्रिसच्या परिसरात येते. राहून कसणाऱ्याला सरकारी जमीन देणाऱ्या होमस्टेड कायद्याखालचा पहिला दावा ज्याचा मानला जातो, त्या डॅनियल फ्रीमनची जमीन याच टाउनशिपच्या सेक्शन २६ मध्ये आहे. आज तिथे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे. पूर्वच्या जागी पश्चिम लिहिलेत तर पन्नासेक मैल चुकाल.

टाउनशिपचे ३६ सेक्शन, प्रत्येक एक चौरस मैलाचा, ६४० एकरांचा. क्रमांक ईशान्य कोपऱ्यातून सुरू होऊन पश्चिमेकडे जातात, पुढच्या ओळीत उलटे पूर्वेकडे येतात, आणि ३६ वा आग्नेय कोपऱ्यात संपतो. तुमच्या २२ च्या उत्तरेला १५, दक्षिणेला २७, पश्चिमेला २१ आणि पूर्वेला २३. या चारही सेक्शनांची पेटंटे त्याच संकेतस्थळावर काढा. शेजारी कोण होते ते कळेल. पाव सेक्शन म्हणजे १६० एकर.

पेटंट हे नुसते मालकीपत्र आहे. खरा ऐवज फाइलमध्ये असतो, आणि फाइल वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात. २० मे १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर मिळत. सगळी फी मिळून सुमारे १८ डॉलर, अट पाच वर्षे राहून कसण्याची, आणि सात वर्षांच्या आत पुरावा द्यायचा. पुराव्याचे वेळी अर्जदार आणि दोन साक्षीदार यांची जबानी होई. १८८० च्या आसपासपासूनचे छापील प्रश्न सविस्तर आहेत : वय, कुटुंबात कोण कोण, घर कधी बांधले, केवढे, विहीर आहे का, किती एकर नांगरले, किती पिके घेतली, जमीन सोडून कधी गेला होता आणि का. अर्जदार परदेशात जन्मलेला असेल तर नागरिकत्वाच्या कागदाची नक्कलही जोडलेली असते. १९०६ पूर्वी नागरिकत्व कुठल्याही न्यायालयात घेता येई, त्यामुळे तो कागद एरवी शोधायला महिने जातात. इथे न्यायालयाचे नाव आयते मिळते.

फाइल मागवताना चार गोष्टी द्या : राज्य, लँड ऑफिसचे (सरकारी जमीन कचेरीचे) नाव, प्रमाणपत्राचा क्रमांक आणि जमिनीचे वर्णन. संकेतस्थळावर ‘अॅक्सेशन’ आणि ‘डॉक्युमेंट’ असे दोन क्रमांक दिसतात. फाइलसाठी ‘डॉक्युमेंट’ क्रमांक लागतो. पहिला दिला तर अर्ज परत येतो. मात्र नेब्रास्कासाठी आधी फोल्ड-थ्री हे संकेतस्थळ पाहा, तिथल्या होमस्टेड फाइलींची छायाचित्रे त्यावर आहेत.

पेटंट कोणत्या कायद्याखाली दिले ते जरूर वाचा. ‘१८२०, रोख विक्री’ लिहिले असेल तर फाइल बहुधा दोनचार पावत्यांची. पण कित्येकांनी होमस्टेड घेऊन मध्येच एकरी सव्वा डॉलर भरून जमीन लवकर नावावर करून घेतली, त्यांची फाइलही रोख विक्रीत गेली आहे आणि आत होमस्टेडचे कागद असू शकतात. म्हणून ती सोडू नका. ‘१८५५, वॉरंट’ असेल तर पानावर दोन नावे दिसतील. पहिला सैनिक, ज्याला बक्षीस म्हणून हक्क मिळाला. दुसरा तो हक्क विकत घेणारा. दोघांचे नाते असेलच असे नाही.

गेज काउंटीच्या दक्षिणेचा पट्टा ओटो-मिसूरिया लोकांची राखीव भूमी होती. १८८१ मध्ये त्यांना आजच्या ओक्लाहोमात जावे लागले आणि ती जमीन विकली गेली. त्या भागातल्या जमिनीची होमस्टेड फाइल शोधण्यात अर्थ नाही, आणि घराण्याचा इतिहास लिहाल तेव्हा जमीन आधी कोणाची होती हेही लिहा.

पुष्कळ दावे अर्ध्यात सुटले. टोळधाड, दुष्काळ, कर्ज, कारणे अनेक. त्यांना पेटंट नाही, म्हणून नाव शोधयादीत नाही. पण फाइल असते. त्यासाठी लँड ऑफिसची ‘ट्रॅक्ट बुक’, म्हणजे जमीनवार नोंदवह्या, सेक्शनवार चाळावी लागतात. त्यांची छायाचित्रे फॅमिलीसर्चवर आहेत. ज्यांनी पुरावा दिला त्यांच्यासाठी स्थानिक वर्तमानपत्रातली पुराव्याची जाहीर सूचनाही पाहा. तीत चार शेजाऱ्यांची नावे संभाव्य साक्षीदार म्हणून छापलेली असतात, जबानी त्यांतल्या दोघांची होई.

प्रश्न : व्याह्यांचे पूर्वज १८५२ मध्ये बैलगाड्यांच्या तांड्यातून ओरेगॉनला आले, असे त्यांच्या घरात सांगतात. जहाजावरच्या प्रवाशांसारखी तांड्यांची यादी असते का? (वाचक, पोर्टलंड)

उत्तर : सरकारी यादी नाही. तांडे खासगी होते, मिसूरी नदीकाठी इंडिपेंडन्स, सेंट जोसेफ किंवा कौन्सिल ब्लफ्सला जुळत आणि वाटेत फुटतही. सहप्रवाशांच्या रोजनिश्या आणि पत्रे हाच आधार. युटाला गेलेल्या मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींची गोष्ट वेगळी. १८४७ ते १८६८ च्या त्यांच्या तांड्यांच्या नाववार नोंदी चर्चने खुल्या केल्या आहेत.

ओरेगॉनसाठी तुमचा कागद म्हणजे १८५० च्या डोनेशन लँड कायद्याची फाइल. १ डिसेंबर १८५० पूर्वी आलेल्या जोडप्याला ६४० एकर, नंतर १८५५ पर्यंत आलेल्याला ३२०. एकट्या पुरुषाला त्याच्या निम्मे. निम्मी जमीन बायकोच्या स्वतःच्या नावे होई, म्हणून लग्न सिद्ध करावे लागे. त्यामुळे फाइलमध्ये जन्माची तारीख व ठिकाण, ओरेगॉनला पोचल्याची तारीख, लग्नाची तारीख व ठिकाण आणि बायकोचे नाव, सगळे एकत्र मिळते. कायद्याने कृष्णवर्णीयांना हा हक्क नाकारला होता. त्यांच्या फाइली नसतात. १८५३ पर्यंत आजचे वॉशिंग्टन राज्य हा ओरेगॉनचाच भाग होता, तेव्हा तिकडच्या फाइलीही पाहा.

घरातली तारीख मुलांच्या जन्मांवर घासून बघा. एखादे मूल १८५३ मध्ये मिसूरीत जन्मले असेल तर १८५२ टिकत नाही.

प्रश्न : घराणे १८६० मध्ये बोल्डर, कॉलोराडो इथे होते अशी खात्री आहे, पण कॉलोराडोच्या १८६० च्या जनगणनेत ते नाही. (वाचक, डेन्व्हर)

उत्तर : १८६० मध्ये कॉलोराडो नव्हते. टेरिटरी झाली फेब्रुवारी १८६१ मध्ये. त्याआधी बोल्डर-डेन्व्हरच्या परिसरात ४० अक्षांशाच्या उत्तरेचा भाग नेब्रास्का टेरिटरीत आणि दक्षिणेचा कॅन्सस टेरिटरीत मोडे. बोल्डरमधला बेसलाइन रोड त्याच रेषेवरून जातो. म्हणून बोल्डर नेब्रास्कात शोधा, डेन्व्हर कॅन्ससच्या अरापाहो काउंटीत. काउंट्या पुढेही फुटत राहिल्या, आणि जुने खरेदीखत वा लग्नाची नोंद बहुधा मूळ काउंटीच्या कचेरीतच राहिली. शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयाच्या नकाशासंग्रहात हव्या त्या तारखेची सीमा मोफत बघता येते.

प्रश्न : पणजीचे माहेरचे आडनाव काही केल्या मिळत नाही. (वाचक, ठाणे)

उत्तर : तिच्या मुलांच्या कागदांत बघा. मृत्यूच्या दाखल्यावर आईचे माहेरचे नाव असते, पण राज्यपातळीवरची नोंदणी उशिरा सुरू झाली : नेब्रास्का १९०४, मिसूरी १९१०, कॅन्सस १९११. १९३६ नंतर एखाद्या मुलाने सोशल सिक्युरिटी या सरकारी निवृत्तिवेतन योजनेसाठी अर्ज केला असेल तर त्यात त्याने आईचे नाव स्वतः लिहिलेले असते, म्हणून तो दाखल्यापेक्षा भरवशाचा. आयोवात राहिलेल्यांसाठी १९२५ ची राज्य गणना उत्तम. तीत प्रत्येकाच्या आईचे माहेरचे नाव विचारले आहे. पती यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यात होता का? विधवेला पेन्शनसाठी लग्नाचा पुरावा द्यावा लागे. लग्न बहुधा वधूच्या गावी होई, म्हणून थोरले मूल जिथे जन्मले त्या काउंटीत आधी शोधा.

प्रश्न : जावयाचे पूर्वज कॅन्ससमधल्या निकोडेमस या कृष्णवर्णीयांच्या वसाहतीतले. १८७० च्या मागे जाता येत नाही. (वाचक, कॅन्सस सिटी)

उत्तर : गुलामगिरीतून सुटलेल्या बहुतेकांची नावे १८७० मध्येच पहिल्यांदा जनगणनेत आली. १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या याद्यांत मालकाचे नाव आहे, माणसाचे नुसते वय, लिंग आणि वर्ण. निकोडेमस १८७७ मध्ये वसले, आणि पहिले बरेच रहिवासी केंटकीच्या स्कॉट काउंटीतले. कॅन्ससच्या १८८५ च्या राज्य गणनेत ‘कॅन्ससला कुठून आलात’ असा रकाना आहे, तो आधी वाचा. केंटकी निघाले तर १८७० ला स्कॉट काउंटीत तेच घर आणि तेच शेजारी शोधा. मग फ्रीडमन्स बँकेची, म्हणजे मुक्त झालेल्या गुलामांसाठीच्या बँकेची, खाती पाहा. ती १८६५ ते १८७४ ची असून, त्यांत कित्येकदा आईवडील, भावंडे आणि जुना मालक नोंदलेला असतो. घरातले कोणी केंटकीतल्या कॅम्प नेल्सन या लष्करी छावणीत सैन्यात भरती झाले असल्यास पेन्शनची फाइल मागवा. मालकाचे आडनाव तेच असेल असे गृहीत धरू नका. मालक नक्की झाल्यावर त्याच्या काउंटीतली मृत्युपत्रे आणि मालमत्तेच्या याद्या काढा. माणसांची नावे तिथे किमतीसह लिहिलेली आहेत, आणि अनेकदा आई व मुले एकाखाली एक.