गोळी जूनमध्ये सुटली, मग युद्ध ऑगस्टमध्ये कसं? – वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात पहिल्या महायुद्धाबद्दल जाता जाता दोन ओळी लिहिल्या काय आणि व्हॉट्सअ‍ॅपवर प्रश्नांची रांगच लागली, तिकीट खिडकीसमोर लागते तशी. त्यामुळे यावेळी बाकी सगळं बाजूला, फक्त महायुद्ध.

प्रश्न : मुलाला शाळेत महायुद्धाची कारणं आहेत. लष्करवाद, गुप्त करार, साम्राज्यवाद, राष्ट्रवाद, आणि तात्कालिक कारण ऑस्ट्रियाच्या राजपुत्राचा खून. त्याचं म्हणणं की पहिली चार कारणं तर कधीपासून होतीच ना, मग युद्ध १९१४ लाच का झालं, १९१२ ला का नाही? मला काही सांगता आलं नाही. – एक आई, नौपाडा, ठाणे

ताई, पोराला माझ्याकडून एक वडापाव द्या. प्रश्न एकदम बरोबर आहे. १९०८ ला ऑस्ट्रियाने बोस्निया गिळला तेव्हा युद्ध होता होता राहिलं, १९११ ला मोरोक्कोत अगादीरला जर्मनीने युद्धनौका आणून उभी केली तेव्हाही राहिलं, आणि १९१२-१३ मध्ये तर बाल्कनमध्ये लागोपाठ दोन युद्धं झाली तरी मोठे देश बाहेरच बसले. चारही कारणं तेव्हा हजर होती. म्हणजे ती लिहून मार्क मिळतात, पण त्याला पाहिजे ते उत्तर त्यात नाही.

उत्तर पाहिजे तर २८ जून ते ४ ऑगस्ट हे ३७ दिवस बघायला लागतात. २८ जूनला बोस्नियात, सारायेव्होला, ऑस्ट्रियाचा तो राजपुत्र फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची बायको सोफी यांना गाव्रिलो प्रिन्सिप नावाच्या १९ वर्षांच्या पोराने गोळ्या घातल्या. मारेकऱ्यांना सर्बियातून मदत होती, म्हणून व्हिएन्नात, ऑस्ट्रियाच्या राजधानीत, बऱ्याच जणांच्या मनात तेव्हाच ठरलं की आता सर्बियाला ठोकायचं, लष्करप्रमुख कॉनराड तर कित्येक वर्षं हेच मागत होता. पण लगेच ठोकता येईना, का? तर बरेच सैनिक सुगीच्या रजेवर गेलेले! खरंच. पिकं काढायला घरी सोडलेली माणसं जुलैच्या शेवटाशिवाय परत येणार नव्हती. त्यात हंगेरीचा (म्हणजे ऑस्ट्रियाच्याच साम्राज्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागाचा) पंतप्रधान टिसा सुरुवातीला नको म्हणत होता, आणि फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष पोअँकारे रशियात, म्हणजे सर्बियाच्या पाठीराख्याकडे, पाहुणा म्हणून गेलेला, तो बोटीत बसून निघेपर्यंत थांबू, नाहीतर दोघं तिथल्या तिथे बसून ठरवतील काय करायचं ते, असा हिशोब. मधल्या काळात ५-६ जुलैला जर्मनीने ऑस्ट्रियाला सांगून टाकलं की तुम्ही काहीही करा, आम्ही पाठीशी आहोत. कोरा चेक! आणि चेक देऊन जर्मनीचे सम्राट कैसर विल्हेल्म साहेब नॉर्वेकडे बोटीवर सुट्टीला.

मग २३ जुलैला संध्याकाळी सर्बियाला १० मागण्यांचा खलिता गेला, मुदत ४८ तास. सर्बियाने जवळपास सगळं मान्य केलं, अडलं मुख्यतः एका मागणीवर, की आमच्या हद्दीत येऊन तुमचे अधिकारी तपासात भाग घेणार हे चालणार नाही. २८ जुलैला कैसरने ते उत्तर वाचलं आणि त्यावरच लिहिलं की आता युद्धाचं काही कारणच उरलं नाही, आणि नेमकं त्याच दिवशी व्हिएन्नाने युद्ध पुकारून टाकलं. ३० जुलैला रशियाने सगळं सैन्य गोळा करायचा हुकूम काढला, १ ऑगस्टला जर्मनीने रशियाशी, ३ ला फ्रान्सशी युद्ध पुकारलं, ४ ला जर्मन सैन्य बेल्जियममध्ये घुसलं आणि त्याच दिवशी ब्रिटन उतरलं.

आता "गुप्त करारांमुळे सगळे ओढले गेले" हे जे पाठ करतात ना, ते अर्धंच खरं आहे. इटलीचा जर्मनी-ऑस्ट्रियाशी १८८२ पासून करार होता, तरी ऑगस्ट १९१४ मध्ये इटली गप्प बसली आणि मे १९१५ मध्ये चक्क समोरच्या बाजूने उतरली. उलट ब्रिटनचा फ्रान्ससाठी लढायलाच पाहिजे असा कुठलाही बंधनकारक करार नव्हता, त्यांनी पुढे केला तो बेल्जियमला हात लावायचा नाही असं ठरवणारा १८३९ चा जुना कागद. ज्याला लढायचं होतं त्याला कागद सापडला, नव्हतं लढायचं त्याला पळवाट.

मग १९१४ मध्ये वेगळं काय झालं? आधी दरवेळी कोणीतरी एक जण माघार घ्यायचा. बोस्नियाच्या वेळी रशियाने घेतली होती, नाक कापून, आणि आता परत घ्यायची तयारी नव्हती. जर्मन सेनापतींना वाटत होतं की १९१७ पर्यंत रशियाचं सैन्य आणि रेल्वे अशी तयार होईल की मग आपलं काही खरं नाही, त्यामुळे व्हायचंच असेल तर आत्ताच होऊ दे. मुलाला सांगा, परीक्षेत चार कारणं लिही, पण हे डोक्यात ठेव.

प्रश्न : प्रिन्सिप सँडविच खायला थांबला आणि राजपुत्राची गाडी नेमकी समोर आली, हे खरं का? – एक वाचक, ऐरोली

सँडविच खोटं, गाडी खरी. सकाळी एकाने गाडीवर बॉम्ब टाकला तो फसला, त्यात जखमी झालेल्यांना बघायला हॉस्पिटलमध्ये जायचं ठरलं, रस्ता बदललेला ड्रायव्हरला कोणी नीट सांगितलंच नाही, तो जुन्या रस्त्याने वळला, चुकलं म्हणून गाडी थांबवली, आणि प्रिन्सिप तिथेच दुकानासमोर उभा. सँडविच नंतर कोणीतरी चिकटवलंय.

प्रश्न : मी रेल्वेतून रिटायर झालोय, मोटरमन होतो. कुठेतरी ऐकलं की पहिलं महायुद्ध रेल्वेच्या टाइमटेबलमुळे पेटलं. आमच्यावर आधीच कशाकशाचं खापर फुटतं, हेही का? आणि युद्ध सुरू झाल्यावर चार महिन्यांत सगळे खंदकात का जाऊन बसले तेही सांगा. – कळवा

काका, देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघून आमच्या ठाण्यालाच आली, त्यामुळे रेल्वेची बाजू घेणं माझं कर्तव्यच आहे. पण आरोपात थोडं तथ्य आहे हो.

जर्मनीला दोन्हीकडून शत्रू, पश्चिमेला फ्रान्स, पूर्वेला रशिया. श्लीफेन नावाच्या सेनापतीने आखलेली आणि नंतर १९१४ चा लष्करप्रमुख मोल्टके याने बदललेली योजना अशी की रशिया अवाढव्य आहे, त्याला सैन्य गोळा करायला वेळ लागेल, तेवढ्यात बेल्जियममधून घुसून सहा आठवड्यांत फ्रान्स संपवायचा आणि मग तेच सैन्य गाड्यांत भरून पूर्वेला न्यायचं. सगळा खेळ गाड्यांवर. ऑगस्टच्या २ ते १८ तारखेत कोलोनला ऱ्हाईन नदीवरच्या एका पुलावरून दर १० मिनिटांनी एक, अशा सुमारे २,१५० गाड्या पश्चिमेकडे गेल्या, एकेक गाडी ५४ डब्यांची! दर १० मिनिटांनी गाडी यात आपल्याला काय नवल नाही म्हणा, पण ५४ डबे, त्यात माणसं, घोडे, तोफा, आणि रविवारचा मेगाब्लॉक नाही.

अशा योजनेची गंमत म्हणजे तिला ब्रेकच नव्हता. १ ऑगस्टला संध्याकाळी कैसरला लंडनहून खबर आली (ती चुकीची निघाली ते सोडा) की कदाचित ब्रिटन आणि फ्रान्स बाहेर राहतील, तर तो खूश होऊन म्हणाला चला मग, सगळं सैन्य पूर्वेला फिरवा. मोल्टकेने हात टेकले, हे होऊच शकत नाही, लाखो माणसं ऐनवेळी उलट्या दिशेला नेली तर सैन्य राहणार नाही, नुसती गर्दी होईल. आता मजा ऐका. मोल्टकेचं हे बोलणं युद्धानंतर बाहेर आलं तेव्हा जर्मन लष्कराच्या रेल्वे विभागाचा जनरल फॉन श्टाब्स इतका चिडला की त्याने नकाशे आणि तक्ते घालून अख्खं पुस्तक लिहिलं, की आम्हाला सांगितलं असतं तर आम्ही गाड्या फिरवून दाखवल्या असत्या! म्हणजे रेल्वेवाल्यांनी तेव्हाच हात वर केलेत काका, साहेबांनी विचारलंच नाही.

आता खंदकांचं. माझ्या मते तेही रेल्वेचंच आहे. बेल्जियममध्ये लिएजचे किल्ले जर्मनांनी ४२० मिलिमीटरच्या तोफा लावून १६ ऑगस्टपर्यंत फोडले आणि सैन्य आत घुसलं, पण पुढे बेल्जियन लोकांनी पूल उडवलेले, बोगदे बुजवलेले, त्यामुळे सरहद्दीपर्यंत गाडीत बसून आलेला जर्मन सैनिक पुढे पायी. ऑगस्टच्या उन्हात पाठीवर बोजा घेऊन रोज तीस-पस्तीस किलोमीटर, महिनाभर. फ्रेंचांनी आधी स्वतःच मूर्खासारखे समोरासमोर हल्ले करून बघितले, २२ ऑगस्टला एका दिवसात त्यांचे सुमारे २७,००० मेले. एका दिवसात. त्यांचं सैन्य मागे हटत होतं पण हटत होतं स्वतःच्या रेल्वेच्या जाळ्याकडे, आणि त्यांचा सेनापती जोफ्र उजव्या टोकाकडचं सैन्य गाड्यांत भरभरून डावीकडे पॅरिसपाशी आणत राहिला. सप्टेंबरमध्ये मार्न नदीवर दमलेले जर्मन आणि गाडीतून उतरलेले फ्रेंच भिडले, जर्मन मागे हटले. पॅरिसच्या टॅक्स्यांनी लढाई जिंकून दिली असं सांगतात, पण टॅक्स्या होत्या ६०० च्या आसपास आणि त्यातून गेले चार-सहा हजार जण, बाकीचे बहुतेक रेल्वेनेच की!

हल्ला करणारा पायी आणि बचाव करणारा रेल्वेने, असं झाल्यावर भोक पाडलं तरी ते बुजवायला समोरचा आधी पोचणार. वर मशीनगन आणि तोफा. मग दोघांनी एकमेकांना वळसा घालायचा प्रयत्न करत करत उत्तरेला समुद्र गाठला, नोव्हेंबरमध्ये बेल्जियममधल्या ईप्रची लढाई संपली तोवर समुद्रापासून स्वित्झर्लंडपर्यंत खंदकच खंदक.

पूर्वेकडेही तेच. रशियाचे रूळ जर्मनीपेक्षा रुंद (आपल्यापेक्षा अरुंदच, आपले १,६७६ मिलिमीटर, त्यांचे १,५२४), त्यामुळे एकाची गाडी दुसऱ्याच्या रुळावर चालेना. रशियन सैन्य पायी आत आलं, वायरलेसवर सांकेतिक भाषा न वापरता उघड बोलत, आणि जर्मनांनी आपली एक कोअर (सैन्याची मोठी तुकडी) गाडीने उत्तरेकडून दक्षिणेकडे नेऊन ऑगस्टअखेर टानेनबर्गला त्यांना घेरलं. ९० हजारांच्या वर कैदी. रशियन सेनापती सॅमसोनोव्हने जंगलात स्वतःला गोळी घातली.

प्रश्न : शेवटी चूक कोणाची? एका वाक्यात सांगा. – वाशी

एका वाक्यात १९१९ च्या व्हर्सायच्या तहाने सांगून बघितलं होतं, सगळं जर्मनी आणि त्याच्या दोस्तांवर, आणि त्याने काय झालं ते आपण बघितलंय. माझं मत विचाराल तर पहिला वाटा व्हिएन्नाचा, युद्ध पाहिजेच होतं म्हणून, आणि त्याच्या बरोबरीने बर्लिनचा, चेकवर आकडा न घालता सही केली म्हणून. सर्बियाच्या लष्करी हेरखात्याच्या प्रमुखाने मारेकऱ्यांना मदत केली होती आणि रशियानेही घाई केली, पण ते नंतर. दोन वाक्यं जास्त झाली, चालवून घ्या.

प्रश्न : आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, आता नेरूळला. घरी पणजोबांचं एक चांदीचं गोल मेडल आहे, एका बाजूला राजाचं डोकं, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार. ते "बसऱ्याच्या लढाईला" गेले होते एवढंच आजी सांगायची. युद्ध युरोपात आणि आपला माणूस बसऱ्यात कसा? आणखी काही शोधता येईल का? – नेरूळ, नवी मुंबई

हे पत्र वाचून मी जरा थांबलोच.

बसरा म्हणजे आजच्या इराकमधलं बंदर, तेव्हा तुर्कांकडे. त्याच्या जवळच इराणच्या बाजूला अबादानला तेलाची रिफायनरी, आणि ब्रिटिश आरमार कोळशावरून तेलावर चाललेलं. १९१४ च्या जूनमध्येच, म्हणजे इकडे टिळक मंडालेहून सुटून पुण्यात पोचले साधारण त्याच दिवसांत, ब्रिटिश सरकारने त्या तेल कंपनीतला मोठा हिस्सा विकत घ्यायचं पार्लमेंटकडून मंजूर करून घेतलं. मग ऑक्टोबरमध्ये सहाव्या, म्हणजे पूना डिव्हिजनची एक ब्रिगेड सगळ्यात आधी मुंबईहून बोटीत चढली, आणि लक्षात घ्या, तेव्हा तुर्कस्तान अजून युद्धात उतरलंच नव्हतं! ते ऑक्टोबर संपता संपता उतरलं, ६ नोव्हेंबरला आपली माणसं फाओला किनाऱ्यावर उतरली आणि २२ तारखेला बसरा घेतलं. त्या ब्रिगेडमध्ये ११७ वी मराठा पलटण होती. पुढे १०३ वी आणि ११० वीसुद्धा तिकडे गेल्या. बगदादच्या लोभाने इंग्रज साहेब नदीने वर वर जात राहिले, तिथे ना रेल्वे ना पुरेशा बोटी, आणि तिन्ही मराठा पलटणी कुत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात अडकल्या. घोडे कापून खायची वेळ आली, शेवटी २९ एप्रिल १९१६ ला शरणागती.

त्या युद्धात सगळ्या ठिकाणी मिळून भारतातले ७४ हजारांवर मेले. बसऱ्याला स्मारक आहे, पण त्यावर आपल्या साध्या शिपायांची नावं कोरलेली नाहीत, अधिकाऱ्यांची नावं आणि खाली पलटणीचे "इतर इतके" एवढंच. नावं वेगळ्या वहीत.

तुमच्याकडे आहे ते ब्रिटिश वॉर मेडल दिसतंय. भिंग घ्या आणि मेडलची कड, म्हणजे नाण्याची धार असते तो भाग, फिरवून फिरवून बघा. तिथे बारीक इंग्रजी अक्षरात नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. घरात "जंगी पलटण" असा शब्द कधी कोणी बोललं असेल तर ती १०३ वी. पलटण कळली की पुढचा शोध सोपा, बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर आहे, तिथे नंबर आणि नाव देऊन पत्र टाका.

आणि एक, अक्षरं नीट दिसत नाहीत म्हणून मेडल घासू नका. पितांबरी आमच्या ठाण्याची असली तरी नको, आधीच झिजलेली कड आणखी झिजते. कोरड्या मऊ फडक्याने पुसा, टॉर्च तिरपा धरा आणि फोटो काढून मला पाठवा.