सही करण्याआधी 'सर्व हक्क' वाला परिच्छेद वाचा

तुमची पोस्ट दोनदा वाचली. आठ वर्षं ऑर्केस्ट्रात चेलो, आता एका बँडनं रेकॉर्डिंगला बोलावलंय, "आमच्या गाण्यावर तुला सुचेल ते वाजव" म्हणालेत, एका पानाचं करारपत्र धाडलंय, आणि ऑर्केस्ट्रातले सहकारी म्हणतात, यात पडलात तर तुम्हाला परत कुणी गंभीरपणे घेणार नाही. बारा वर्षांपूर्वी मी नेमकी इथेच उभी होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सहकाऱ्यांचं म्हणणं फार मनाला लावून घेऊ नका. नामवंत चेलोवादक यो-यो मा यांनी १९९७ मध्ये अर्जेंटिनाचे संगीतकार पियाझोला यांच्या टँगोंची (तिथल्या नृत्यसंगीताची) ध्वनिमुद्रिका काढली, १९९८ मध्ये देशोदेशींच्या वादकांना एकत्र आणणारा सिल्क रोड प्रकल्प सुरू केला, आणि बाखचे सहा स्वीट (एकट्या चेलोसाठीच्या अभिजात रचना) काही सोडले नाहीत. चेलोवादक मॅट हायमोविट्झ तर २००० सालापासून तेच बाख घेऊन क्लबांमध्ये वाजवायला गेले. अपोकॅलिप्टिका हा हेलसिंकीच्या सिबेलियस अकादमीतल्या चेलोवादकांचा गट. १९९३ मध्ये ते मेटॅलिका या हेवी मेटल बँडची गाणी चेलोवर वाजवायला एकत्र आले. सास्किया राव-द हास यांनी हिंदुस्थानी संगीतासाठी पाच तारांचा, तरफा (न छेडता आपोआप झंकारणाऱ्या तारा) असलेला चेलो घडवून घेतला. यांतल्या कुणाचाही पाया कच्चा नाही. रोजचा रियाज सुटला नाही तर दोन्ही दारं उघडी राहतात, हे माझं ठाम मत आहे.

मला खरं बोलायचंय ते त्या एका पानाबद्दल.

ऑर्केस्ट्रात आपल्याला एक सवय लागते. समोरचा प्रत्येक स्वर दुसऱ्याचा असतो, ब्राम्सचा किंवा द्वोर्झाकचा. आपण तो नीट वाजवायचा, मानधन घ्यायचं, घरी जायचं. "हा स्वर कुणाचा?" हा प्रश्न वर्षानुवर्षं मनात येत नाही. दुसऱ्या शैलीत पाऊल टाकलं आणि कुणी "सुचेल ते वाजव" म्हणालं, की त्या क्षणापासून तुम्ही नुसते वादक राहत नाही, रचनाकारही होता. मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

माझ्या त्या रेकॉर्डिंगमध्ये गाण्याचं मधलं कडवं रिकामं होतं. मी खालच्या सी तारेवरून सुरुवात करून एक ओळ वाजवली: तीन स्वर चढत, चौथा ओढून धरलेला, मग गज तारेवर न दाबता उतरत यायचं. तिसऱ्या वेळी ती जमली. काचेपलीकडच्या सगळ्यांनी हात वर केले. मला फार आनंद झाला होता. निघताना कागद पुढे आला, मी उभ्या उभ्या सही केली. त्यात एकरकमी मानधनाच्या बदल्यात 'वादनातून निर्माण होणारे सर्व हक्क, सर्व माध्यमांत, जगभर, कायमस्वरूपी' दिल्याचं लिहिलं होतं.

पुढे तीच ओळ गाण्याच्या सुरुवातीला आली, मध्ये आली, शेवटी आली. लोक गाणं ओळखायचे ते त्या ओळीवरून. मग ती एका जाहिरातीत वाजली. एका दवाखान्यात नंबराची वाट बघत बसले असताना भिंतीवरच्या टीव्हीतून माझ्याच गजाचा आवाज आला. श्रेयनामावलीत माझ्या नावापुढे एकच शब्द होता: चेलो.

मग रॉयल्टी नोंदवणाऱ्या कार्यालयाच्या खेपा. कार्यालयाचं नाव लिहीत नाही, त्यातून काही निघणार नाही. पहिल्या खेपेला म्हणाले, तुमचं नाव वादकांच्या रकान्यात आहे, संगीतकारांच्या नाही. दुसऱ्या खेपेला म्हणाले, बदल करायचा तर नोंदलेल्या सगळ्या संगीतकारांच्या सह्या आणा. चौघांपैकी तिघांनी दिल्या. चौथ्यानं पत्राला उत्तरच दिलं नाही. चौदा महिने मी अर्ज करत राहिले आणि प्रत्येक वेळी नवा माणूस पहिल्यापासून सगळं विचारायचा. फाइल कोणाकडे आहे, एवढंही कुणी धड सांगितलं नाही. त्या काळात रियाज जवळजवळ बंद पडला. पैशांपेक्षा त्याचं दुःख मला अजून आहे.

मी वकील नाही, आणि कायदा देशागणिक वेगळा असतो. म्हणून सहीआधी संगीताचे करार बघणाऱ्या वकिलाची एक तासाची फी नक्की खर्च करा. त्याला एवढंच विचारा: रेकॉर्डिंगचा हक्क आणि रचनेचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मी यातला कोणता देतोय? रेकॉर्डिंगचा एकरकमी दिलात तरी चालेल असं मला वाटतं. रचनेचा मात्र देऊ नका. सुचेल ते वाजवायचं असेल, तर स्टुडिओतून निघण्याआधी कुणाचा किती टक्के हिस्सा हे एका कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. त्याला स्प्लिट शीट म्हणतात. मागताना संकोच वाटेल, पण चांगले बँड ते स्वतःहून पुढे करतात. जे चिडतात त्यांच्याबरोबर मी आता वाजवत नाही.

आणखी दोन गोष्टी, तुम्ही विचारल्या नसल्या तरी. मंचावर पिएझो पिकअप (वाद्याची कंपनं टिपून विजेचा संकेत करणारा तुकडा) लावणार असाल, तर तो संकेत वाढवणारा, किमान १ मेगाओहम इनपुटचा प्रीअँप घ्या, नाहीतर खालच्या तारांचा भरीवपणा गळून जातो. आणि मॉनिटर (मंचावर आपलाच आवाज आपल्याला ऐकवणारा स्पीकर) चेलोच्या पोटासमोर ठेवू देऊ नका, फीडबॅक, म्हणजे तो घुमत वाढणारा आवाज, तिथूनच सुरू होतो. दुसरं, फिडलवादक रिचर्ड ग्रीन यांनी रुळवलेला, गज तारांवर आपटून काढायचा तो तालाचा 'चॉप' तुम्हाला लवकरच वाजवायला सांगतील. त्यासाठी कार्बन फायबरचा वेगळा गज ठेवा. चांगल्या गजाचे केस त्या आघातांनी फार लवकर तुटतात.

करारातला हक्कांचा परिच्छेद, नावं आणि रक्कम झाकून, इथे टाकलात तर मी आज रात्री वाचून काय वाटतं ते लिहीन. वकिलाला दाखवायचा तो दाखवाच. तोवर सही करू नका.