जुन्या गाडीची रबरं: पूर्ण किट घ्यायचं की मीटरवर?

प्रश्न: दादा नमस्कार, माझी गाडी १९६० च्या दशकातली, चार दारांची. इंजिन ठणठणीत आहे, रंगही नवा केलाय, पण दारांची आणि डिकीची रबरं पार दगड झालीयेत. पाऊस आला की पायाखालचं मॅट ओलं, आणि जरा वेग घेतला की खिडकीतून शिट्ट्या. माझ्या मॉडेलचं पूर्ण किट मिळतंय पण किंमत ऐकल्यावर रंगकाम स्वस्त वाटायला लागलं. कमी पैशात काही जमेल का? की सरळ फटींमध्ये सिलिकॉन भरून टाकू?

उत्तर: सिलिकॉन नको, हात जोडतो. त्या साध्या ट्यूबला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ना, ते ॲसिड सुकता सुकता बाहेर पडत असतं आणि उघड्या पत्र्याला गंज धरवतं, वर नंतर त्या जागी ना रंग बसतो ना नवा गोंद. तो उद्योग निस्तरायला किटपेक्षा जास्त खर्च येईल.

आता मुद्द्याचं. गाडीचं नाव सांगून रबर मागायचं बंद करा, प्रोफाइल दाखवून मागा. प्रोफाइल म्हणजे रबर आडवं कापल्यावर दिसतो तो आकार. किट महाग का असतं, तर त्यातले काही तुकडे साच्यात ओतलेले असतात आणि जुन्या मॉडेलसाठी साचा बनवून विकायचे किती, थोडेच, म्हणून साच्याचा सगळा खर्च त्या थोड्या गिऱ्हाइकांवर पडतो. पण दाराभोवतीचं आणि डिकीचं रबर बहुतेक गाड्यांत एकसारख्या आकाराची लांब पट्टीच असते, शेव पाडावी तशी डायमधून काढलेली. तोच आकार ट्रकच्या केबिनला, बोटीच्या झाकणाला, कॅरव्हॅनला, इलेक्ट्रिक पॅनेलच्या दाराला लागतो, आणि तो मीटरवर मिळतो. दुकानदाराला गाडीचं नाव सांगितलंत की तो ‘क्लासिक’ म्हणून भाव लावणार, हे मी बऱ्याचदा बघितलंय.

जुन्या रबराचा त्यातल्या त्यात बरा राहिलेला तुकडा शोधा (डिकीच्या बिजागरीपाशी बहुधा असतो), नव्या ब्लेडने सरळ काप घ्या, कापलेली बाजू शाईच्या पॅडवर टेकवून चौकटीच्या कागदावर ठसा उमटवा. हा ठसा फक्त आकार ओळखण्यापुरता, मापावर विश्वास ठेवू नका. इतक्या वर्षांत रबर आकसलेलं आणि चपटं झालेलं असतं. खरं माप फटीचं घ्यायचं. मुलांच्या खेळण्यातली प्लास्टिसिन माती घ्या, प्लास्टिकच्या पातळ कागदात गुंडाळून दाराच्या चौकटीवर आठ-दहा ठिकाणी लावा, दार पूर्ण लावून परत उघडा आणि दबलेल्या मातीची जाडी मोजा. समजा ८ मिमी आली तर पोकळ नळीवालं रबर १२ मिमीच्या आसपास हवं, म्हणजे दार लागल्यावर ते साधारण एक तृतीयांश दबेल. मी एकदा ‘जाड घेतलं तर पाणी येणारच नाही’ अशा हुशारीने भलतंच जाड बसवलं होतं, दार लागेना, मग खांद्याने ढकलून लावायचो, शेवटी दार बॉडीच्या बाहेर तिरकं उभं राहायला लागलं आणि सगळं रबर उपटून परत सुरुवात. मापाला मिमीचा फरकही कळतो इथे. आणि मातीची जाडी एका कोपऱ्यात ५ आणि दुसऱ्यात १२ आली तर दोष रबराचा नाहीच, बिजागरीची पिन झिजून दार खाली बसलंय. आधी ते करून घ्या.

पत्र्याच्या कडेवर ठोकून बसणारी जी पट्टी असते, आत धातूचा कणा असलेली, तिच्यासाठी कडेची जाडी पण मोजा. कड दोन-तीन पत्र्यांची मिळून असते, त्यामुळे जागोजागी फरक पडतो, आणि प्रत्येक पट्टीची पकड ठरावीक जाडीपुरतीच असते.

माल ईपीडीएमचाच मागा, म्हणजे एका प्रकारच्या कृत्रिम रबराचा. जुनं रबर कडक होऊन चिरतं ते बरंचसं हवेतल्या ओझोनमुळे आणि उन्हामुळे, आणि नैसर्गिक रबर त्यापुढे लवकर हार मानतं. ईपीडीएम बाजारात आलं तेच १९६० च्या दशकात, म्हणजे तुमच्या गाडीला मुळात ते लागलेलं नसण्याचीच शक्यता जास्त. दाराला स्पंजवालं, खिडकीच्या पट्टीला भरीव. घराच्या खिडक्यांना लावायचा चिकट फोम फुकट दिला तरी घेऊ नका, तो पाणी पिऊन बसतो आणि खाली पत्रा सडवतो. पूर्ण लांबी मागवण्याआधी बोटभर नमुने मागवा, दोन-तीन प्रोफाइल दारात दाबून बघा, बहुतेक विक्रेते देतात.

बसवताना ताणायचं नाही, अजिबात नाही. ताणलेलं रबर चार दिवसांत परत आखडतं आणि नेमकं जोडापाशी फट पडते. उलट सेंटिमीटरभर जास्त कापून आत ढकलत बसवा. जोड दाराच्या खालच्या बाजूला ठेवा, वर ठेवलात तर पाणी तिथूनच वाट काढणार. ब्लेड साबणाच्या पाण्यात ओलं केलं की काप स्वच्छ येतो, टोकं सुपरग्लूने जोडा. पोकळ नळीला बारीक भोकं असतात ती बुजवू नका, दार लावताना आतली हवा तिथूनच बाहेर जाते. मग काही दिवस दारं नीट बंद करून ठेवा, सुरुवातीला जड लागणारच.

पैसे कुठे वाचवायचे नाहीत तेही सांगतो. पुढच्या-मागच्या मोठ्या काचेचं रबर, आणि दारातल्या त्या छोट्या त्रिकोणी काचेचं. ही कोपऱ्यासकट साच्यातली असतात, मीटरच्या पट्टीला ४५ अंशात कापून कोपरे जोडायचा प्रयत्न लोक करतात पण काच आणि पाणी दोन्ही सांभाळणारा कोपरा घरी होत नाही. तेवढे तुकडे सुटे घ्या, अख्खं किट कशाला. आणि घेण्याआधी पार्ट्स कॅटलॉग चाळा, एकच पार्ट नंबर कंपनीने कित्येक वर्षं, सेडानला आणि व्हॅनलाही वापरलेला सापडतो. जास्त खपलेल्या मॉडेलच्या नावाने तोच तुकडा बऱ्याचदा कमी पैशात मिळतो.

एक शंका मात्र मनात आहेच. तुमचं मॅट ओलं होतंय ते पाणी खरंच रबरातून येतंय का? काचेच्या फटीतून दाराच्या पोटात पाणी जाणं नॉर्मल आहे, ते खालच्या भोकांतून निघून जायला पाहिजे. ती भोकं मातीने किंवा, तुमच्याकडे झालं असेल तसं, नव्या रंगाने बुजली की पाणी आत येतं, आणि आतल्या पॅनेलमागचा प्लास्टिकचा पडदा फाटलेला असला की सरळ मॅटवर. आधी तारेने भोकं मोकळी करा. मग एकाला आत बसवा आणि पाइपने बारीक धार खालून सुरू करून हळूहळू वर न्या, वरून सुरू केलंत तर पाणी कुठून शिरलं ते कळणारच नाही.

प्रश्न: नवीन रबर परवडेपर्यंत जुनं मऊ करायला डिझेलचा बोळा फिरवला तर चालेल का? ओळखीचे एक मेकॅनिक काका सांगतात.

उत्तर: काकांना नमस्कार सांगा, पण नको. डिझेलने रबर फुगतं, दोन दिवस मऊ वाटतं आणि मग अजून लवकर चिरतं. कडक झालेलं रबर परत मऊ होत नसतं. जे अजून लवचिक आहे त्याला साबणाच्या पाण्याने पुसून सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या, आणि दार लावताना कागदाची पट्टी मध्ये धरून ओढून बघा, जिथे सहज सुटते तेवढाच भाग आधी बदला.