‘भ’पाशी शब्द तुटतो, आषाढात कार्ड फाटते
कागदकाम : वाचकांचे प्रश्न

एप्रिलमध्ये माझ्या कागद कापण्याच्या मशीनवर २५० जीएसएमचे (चौरस मीटरला २५० ग्रॅम वजनाचे) कार्डशीट छान कापले जात होते. मृग लागल्यापासून त्याच सेटिंगवर कडा केसाळ येतात, बारीक कोपरे उपटून निघतात. दाब वाढवला तर मॅटवर, म्हणजे कागदाखालच्या चिकट पाटीवर, चरे पडले. पाते बदलायचे का? (खानापूर)

बदलू नका, निदान आत्ताच नको. खानापूरच्या पावसात तुमचा कागद पाणी प्यायला आहे. कागदाचे तंतू दमट हवेत ओल शोषून फुगतात आणि मऊ पडतात. कोरडा तंतू पात्यापुढे तुटतो. ओला तंतू तुटण्याऐवजी पात्याबरोबर ओढला जातो, म्हणून वळणावर कोपरा उपटतो. दाब वाढवला की ओढ आणखी वाढते आणि पाते कागद ओलांडून मॅटमध्ये घुसते.

आधी कागद सुका करा. लागतील तेवढीच शीट बाहेर काढा, बाकीची घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा जाड प्लास्टिक पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह आडवी ठेवा. ओलसर वाटणारे शीट दोन साध्या कागदांमध्ये धरून, वाफ बंद ठेवून, मंद इस्त्री दहा-पंधरा सेकंद फिरवा आणि गार झाले की लगेच कापायला घ्या. सकाळी सुकवून ठेवले आणि संध्याकाळी कापले, तर त्याचा काही उपयोग नाही.

मग पात्याकडे पाहा. पावसाळ्यात पात्याच्या टोकाशी कागदाचा लगदा साचतो. टोपण काढून मऊ ब्रशने तो झाडा. स्वतः खोली जुळवणारे पाते असेल तर हे जास्तच गरजेचे, कारण लगदा अडकला की ते बाहेर येतच नाही आणि आपण उगाच मशीनला दोष देतो.

खोली अंदाजाने लावू नका. सिल्हूट कंपनीच्या मशीनच्या रॅचेट (हाताने फिरवून खोली लावायच्या) पात्यावर १ ते १० आकडे असतात आणि एक आकडा म्हणजे ०.१ मिमी. तुमच्या कार्डाची दहा शीट एकावर एक ठेवून पट्टीने जाडी मोजा. ३ मिमी भरली तर एक शीट ०.३ मिमी, म्हणजे पाते ३ वर. फार तर ४. त्यापुढे जायचे नाही. कापत नसेल तर एकाच फेरीत जोर लावण्याऐवजी कमी दाबाच्या दोन फेऱ्या द्या आणि वेग ३-४ पर्यंत उतरवा. दर वेळी शीटच्या कोपऱ्यात एक सेंटिमीटरचा चौकोन आणि त्याच्या आत त्रिकोण कापून बघा. चौकोन सुटून निघाला आणि मॅटवर ओरखडा दिसला नाही, म्हणजे जमले.

कापून झाल्यावर कागद मॅटवरून ओढून काढायचा नाही. मॅट उलटी करून टेबलावर ठेवा आणि कागद सपाट राहील अशा बेताने मॅटच मागे वळवत सोलून घ्या. निम्मी कार्डे मशीन फाडत नाही, काढताना आपले हात फाडतात.

लग्नपत्रिकेवर चिकटवायला ‘शुभविवाह’ हा शब्द सोनेरी कागदात कापायचा आहे. कटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केले की ‘वि’ची वेलांटी भलतीकडे जाते, आणि अक्षरे शिरोरेषेत एकमेकांपासून कापली जातात. पाहुणे दोन्हीकडचे असल्याने कानडी नावेही हवी आहेत. (चिकोडी)

यात तीन वेगळ्या अडचणी एकत्र आल्या आहेत.

पहिली वेलांटीची. पहिली वेलांटी टाइप होते व्यंजनानंतर, पण दिसायला हवी व्यंजनाआधी. ही मांडणी ज्या सॉफ्टवेअरला जमत नाही तिथे वेलांटी उजवीकडे पडते आणि जोडाक्षरे पाय मोडून उभी राहतात. त्याच्याशी झगडत बसू नका. इंकस्केप हे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर युनिकोड देवनागरी आणि कानडी दोन्ही नीट मांडते. शब्द तिथे टाइप करा. जुन्या डीटीपी फाँटमधला मजकूर मात्र तसाच आणून चिकटवू नका, तो युनिकोड नसतो. फाँट निवडताना ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत ना, तेही बघा. हिंदी वळणाचा ‘ल’ छापून आला की घरातले कोणीतरी म्हातारे माणूस बरोबर ओळखते.

दुसरी शिरोरेषेची. फाँटमध्ये प्रत्येक अक्षर सुटे असते आणि शेजारच्या अक्षरावर किंचित चढलेले असते. पडद्यावर ती एक सलग रेघ दिसते, मशीनला मात्र दोन अक्षरांच्या कडा एकमेकींना छेदताना दिसतात आणि ते दोन्ही कापते. म्हणून टाइप केल्यावर आधी अक्षरांतले अंतर थोडे कमी करा, ०.२ मिमीने सुद्धा चालते, म्हणजे कुठे केसाएवढी फट राहणार नाही. मग इंकस्केपमधल्या या आज्ञा क्रमाने द्या: ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ (अक्षरांचे आकार होतात), त्यानंतर ‘अनग्रुप’ (ते सुटे होतात), आणि शेवटी ‘युनियन’ (सगळ्यांचा एकच आकार होतो). आउटलाइन व्ह्यू लावून पाहा. शिरोरेषेच्या आत एकही उभी रेघ उरता कामा नये.

आता खरी गंमत. एवढे करूनही तुमचा शब्द दोन तुकड्यांत निघेल: ‘शु’ आणि ‘भविवाह’. भ, ध, थ यांची शिरोरेषा डावीकडे तुटलेली असते, त्यामुळे आधीच्या अक्षराशी त्यांचा सांधा नसतो. ‘भ’ थोडा डावीकडे सरकवून त्याची गाठ ‘शु’च्या दांड्याला १ ते १.५ मिमी टेकवा आणि मगच युनियन करा. ‘आमंत्रण’मधला अनुस्वारही असाच हवेत लोंबकळतो. तो खाली ओढून शिरोरेषेत अर्धा मिमी बुडवला तर शब्द एकसंध निघतो आणि डोळ्यांना खटकतही नाही.

तिसरी कानडीची. कानडीला सलग शिरोरेषा नाही, प्रत्येक अक्षराला आपापला तलकट्टु (डोक्यावरची छोटी रेघ) आहे, म्हणून अक्षरे सुटीच निघणार. शिवाय जोडाक्षरातला ओत्तक्षर, म्हणजे दुसरे व्यंजन, खाली वेगळा बसतो. ‘मल्लप्पा’ कापलात तर असे दोन इवले तुकडे हाताशी येतील आणि चिकटवताना वाकडे बसतील. यावर उपाय ऑफसेटचा. नावाभोवती २ मिमीची बाह्यरेषा काढा आणि ती दुसऱ्या रंगाच्या कार्डात पाया म्हणून कापा. दोन तुकड्यांमधली फट ऑफसेटच्या दुपटीपेक्षा कमी असेल तर पाया आपोआप जुळतो. म्हणजे २ मिमीच्या ऑफसेटला ३ मिमीची फट चालेल, ५ मिमीची नाही. सुटी अक्षरे मग या पायावर डोळ्यांनीच बरोबर बसतात. दोन्ही लिप्या एका घराण्यातल्या दिसाव्यात असे वाटत असेल तर मराठीला बलू २ आणि कानडीला बलू तम्मा २ घ्या. दोन्ही मोफत आहेत आणि जाडजूड असल्याने कापायला सोप्या.

सिल्हूट स्टुडिओच्या (सिल्हूट मशीनच्या सॉफ्टवेअरच्या) बेसिक आवृत्तीत इंकस्केपची एसव्हीजी फाइल उघडत नसेल तर ती डीएक्सएफ प्रकारात साठवून उघडा. डीएक्सएफमध्ये माप हलण्याची भीती असते. म्हणून फाइलच्या कोपऱ्यात १०० मिमीचा एक चौकोन काढून ठेवा आणि स्टुडिओत उघडल्यावर आधी तो मोजा. चौकोन १०० भरला की तो पुसून कामाला लागा.

किल्ल्यातल्या कमल बस्तीच्या (जैन मंदिराच्या) छतावरचे ७२ पाकळ्यांचे कमळ आकाशकंदिलाच्या प्रत्येक बाजूवर १० सेंमी वर्तुळात जाळीसारखे कापायचे आहे. फोटो ट्रेस केला तर प्रत्येक रेघ दोनदा कापली जाते. (शहापूर, बेळगाव)

फोटोतली रेघ जाड असते. ट्रेसिंग तिच्या दोन्ही कडा पकडते आणि मशीन त्या दोन्हींवरून पाते फिरवते. इंकस्केपच्या ट्रेस बिटमॅपमध्ये ‘सेंटरलाइन’ पर्याय आहे, तो एकच रेघ देतो. पण ८०० वर्षांच्या दगडावरच्या सावल्या आणि झीज ट्रेस करण्यात अर्थ नाही. फोटो नुसता समोर ठेवा आणि एक पाकळी हाताने काढा.

आधी हिशोब. १० सेंमी वर्तुळाचा परीघ ३१४ मिमी, भागिले ७२ म्हणजे पाकळीला ४.४ मिमी. दोन पाकळ्यांमध्ये किमान १.५ मिमी कार्ड उरायला हवे. पाकळीच्या बुडाशी, केंद्रापासून ३५ मिमीवर, वाट्याला येतात जेमतेम ३ मिमी, म्हणजे भोक दीड मिमीचे. २०० जीएसएमलाही ते निभणार नाही. म्हणून ७२ पाकळ्या २४-२४ च्या तीन कड्यांत वाटा. ४६, ३३ आणि २० मिमी त्रिज्येवर एका पाकळीला अनुक्रमे १२, ८.६ आणि ५.२ मिमी जागा मिळते. सगळ्यांना पुरते.

पाकळीवर एकदा आणि थोडे थांबून पुन्हा एकदा क्लिक करून फिरण्याचे केंद्र, ती छोटी अधिकची खूण, वर्तुळाच्या मध्यावर ओढून ठेवा. ‘क्रिएट टाइल्ड क्लोन्स’मध्ये (पाकळीच्या नकला, म्हणजे क्लोन, काढणाऱ्या आज्ञेत) १ ओळ, २४ स्तंभ. शिफ्टमध्ये स्तंभासाठी ‘एक्सक्लूड टाइल’वर खूण, रोटेशनमध्ये स्तंभाला १५ अंश. मधले कडे ७.५ अंशांनी फिरवा, म्हणजे उरलेल्या पट्ट्या एका रेषेत न येता विटांच्या भिंतीसारख्या सांधे चुकवून बसतील आणि जाळी मजबूत राहील. एक गोष्ट हमखास विसरते: पहिला क्लोन मूळ पाकळीच्या बरोबर वर बसतो. मूळ पाकळी काढून टाकली नाही तर २४ पैकी नेमकी एकच पाकळी दोनदा कापली जाऊन फाटते, आणि लोक पात्यात खोट शोधत बसतात. मग क्लोन अनलिंक करा.

कापण्याचा क्रम आतून बाहेर ठेवा आणि बाजूची बाह्यरेषा सर्वांत शेवटी. घडीच्या रेषा तुटक हव्या असतील तर इंकस्केपमध्ये रेघेला दिलेली तुटक शैली नुसती दिसण्यापुरती असते, मशीन ती सलग कापते. ‘कन्व्हर्ट टू डॅशेस’ हे एक्स्टेन्शन वापरा. घडी कागदाच्या तंतूंच्या दिशेने घ्या. शीट दोन्ही दिशांनी हलके वाकवून पाहिले की जिकडे सहज वाकते ती घडी. आत बटर पेपर लावा आणि दिवा एलईडीचाच.

कंदिलाच्या आतला पतंगी कागद मशीनवर कापता येईल का? (निपाणी)

मॅट त्याला सोडत नाही. दहा कागदांची चळत करा आणि कटरने कापा.

काम अर्ध्यावर असताना वीज जाते. परत आली की उरलेले भाग मिलिमीटरभर सरकून कापले जातात. (अथणी)

मॅट बाहेर काढून पुन्हा घातली की ती तंतोतंत जुन्या जागी येत नाही. फाइलमध्ये आतली नक्षी, घड्या आणि बाह्यरेषा यांना वेगवेगळे रंग द्या आणि रंगानुसार कापा, म्हणजे काय राहिले ते कळते. फक्त बाह्यरेषा राहिली असेल तर मिलिमीटरभर फरक खपून जातो. नक्षी अर्धी राहिली असेल तर ते शीट बाजूला ठेवा. त्यातून लहान फुले निघतील. मशीन आणि संगणक दोन्ही साध्या यूपीएसवर असतील तर प्रश्नच मिटतो. लॅपटॉपला बॅटरी आहे म्हणून निर्धास्त राहणारे मशीनला विसरतात.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिळगुळाचे ६ सेंमीचे डबे केले. झाकण बसतच नाही. (संकेश्वर)

झाकण आणि बूड एकाच मापाचे काढले असणार. ०.३ मिमी कार्डाच्या दोन भिंती, त्यात चिकटपट्ट्यांची (गोंद लावायच्या कडेच्या घड्यांची) दुहेरी जाडी आणि वर गोंदाचा थर. झाकणाची प्रत्येक बाजू एकूण १ ते १.५ मिमी लांब ठेवा, म्हणजे बूड ६० मिमी तर झाकण साधारण ६१ ते ६१.५. खाचेत जीभ घालायची रचना असेल तर खाच कार्डाच्या जाडीपेक्षा ०.१ ते ०.२ मिमी रुंद काढा, नुसती चीर पुरत नाही. चिकटपट्टी १० मिमीची, दोन्ही टोके ४५ अंशांत उतरवलेली. सरळ ठेवली तर दोन पट्ट्या कोपऱ्यात एकमेकींवर चढतात आणि डबा चौकोनी राहत नाही. आधी साध्या कागदात नाही, त्याच कार्डात एक डबा करून बघा. जाडी बदलली की सगळी मापे बदलतात. आणि तिळगूळ घालण्याआधी आतून बटर पेपरचा चौकोन टाका, नाहीतर तुपाचा डाग संध्याकाळपर्यंत बाहेर येतो.