जुलाब ओसरल्यावर आठ महिन्यांच्या बाळाला लापशी कधी द्यावी?

बाळाचे जुलाब कमी झालेत, पण घरचे म्हणतात दोन दिवस पोटाला आराम द्या, नुसतं पाणी पाजा. अशात धान्याची लापशी चालेल का, असं तुम्ही विचारलंय. मी लहान मुलांच्या वॉर्डात परिचारिका आहे. हा 'आराम' आम्हाला सारखा ऐकायला मिळतो. तो देऊ नका. आतड्याचं झिजलेलं अस्तर नव्यानं तयार व्हायला अन्नच लागतं.

अंगातलं पाणी कमी झालं असेल तर आधी ओआरएसनं ते भरून काढायचं, साधारण ४ तासांत, आणि लगेच खाणं सुरू करायचं. आईचं दूध मध्येही थांबवायचं नाही. दुधातली साखर पचवायची ताकद काही दिवस कमी होऊ शकते, पण नीट शिजवलेलं धान्य बहुतेक बाळांना पचतं. त्यातून सुटणारं ग्लुकोज क्षार आणि पाणी आत ओढून घ्यायला मदतच करतं. ओआरएसचं कामही असंच चालतं.

गाडी अडते ती पातळपणावर. पचायला हलकी म्हणून लापशी इतकी पातळ करतात की ती जवळजवळ पाणीच होते. एवढंसं पोट तेवढ्यानंच भरतं, बाळाला ताकद काहीच मिळत नाही, आणि वजन आधीच उतरलेलं असतं. चमचा तिरका केला तरी चटकन ओघळणार नाही इतपत घट्ट करा. शिजवताना डाळ घाला किंवा नंतर दूध, आणि प्रत्येक वेळच्या लापशीत ५ ते १० मिली तेल. तेल म्हटलं की आया दचकतात, पण थोडक्या घासात जास्त ऊर्जा द्यायचा सगळ्यात सोपा मार्ग तोच आहे. साखर मात्र भरपूर घालू नका, जुलाब वाढतात.

दर ३-४ तासांनी थोडंथोडं भरवा, जबरदस्ती नको. जुलाब थांबल्यावरही दोन आठवडे रोज एक खाणं जादा द्या. नेमकं हेच बहुतेक घरांत राहून जातं. डॉक्टरांनी झिंक दिलं असेल (या वयाला रोज २० मिलीग्रॅम, १० ते १४ दिवस) तर शी घट्ट झाली म्हणून मध्येच बंद करू नका.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला लापशी, डाळ, तेल नको, त्याचं खाणं म्हणजे दूधच.

लापशी सुरू केल्यावर एखादी शी जास्त झाली तर चालतं. शीत रक्त दिसलं, बाळ मलूल पडलं, काही पिईना, डोळे खोल गेले किंवा सहा तासांत लघवी झाली नाही, तर मात्र थेट दवाखाना गाठा.